मुरमाड माळ ओळखा, मग कुदळ मारा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्रीच्या या पर्जन्यछायेत पुरंदर, बारामती, इंदापूर, कर्जत, माण, खटाव, सांगोला, आटपाडी, जत असा मोठा पट्टा येतो. इथे ओढ्यानदीच्या काठाला काळी जमीन आहे. काठ सोडून चढाला लागलं की तांबूस-करड्या, खडेदार मातीचा माळ सुरू होतो. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत डोलतं आणि पावसाळा संपल्यावर तो पिवळा, मग उघडाबोडका दिसू लागतो.

ही मुरमाड, बरड जमीन अनेकांच्या वाट्याला आलेली असते. कुणाच्या सातबाऱ्यावर ती पोटखराबा म्हणून लागलेली असते, कुठे गावाचं गायरान असतं, तर कुणी नोकरीतून निवृत्त होताना शेतीच्या हौसेने दोन एकर माळ विकत घेतलेला असतो. मग जेसीबी येतो, खड्डे होतात, झाडं लागतात, तलावातला गाळ पडतो. पैसा ओतूनही दोन-तीन उन्हाळ्यांनंतर हाती फारसं काही उरत नाही. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: जमिनीचा स्वभाव न पाहता तिच्याकडून काळ्या जमिनीचं काम करून घेण्याचा प्रयत्न. ही माती नापीक नाही, पण तिचं काम वेगळं आहे. ते काम समजून घेऊन तिच्याशी कसं वागावं, हे या लेखात सांगितलं आहे.

ही माती घडते कशी

दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी बनलं. त्या बेसाल्ट खडकाची ऊन, पाऊस आणि हवेने हळूहळू झीज होते. आधी खडकाला तडे जातात, मग त्याचे कुदळीने फुटतील असे मऊ तुकडे होतात. तोच मुरूम. मुरमाची आणखी झीज झाली की त्यातून बारीक माती तयार होते.

माळावर ही बारीक माती फार साठत नाही. उतार असल्यामुळे पावसाचं पाणी तिला खाली ओढ्याकडे घेऊन जातं, आणि पाऊस कमी असल्यामुळे नवी माती तयार होण्याचा वेग अतिशय मंद असतो. म्हणून माथ्यावर खडे आणि पातळ माती, मधल्या उतारावर मध्यम, आणि पायथ्याला खोल काळी, अशी रचना एकाच शिवारात दिसते. माथ्यावर साधारणपणे १० ते २५ सेंटीमीटर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली अभंग कातळ असतो. बोटभर माती घडायला कित्येक शतकं लागतात. माळावरची माती एकदा वाहून गेली की ती आपल्या हयातीत परत येत नाही, हे पहिलं सत्य मनात पक्कं ठेवावं.

पाणी धरत नाही, मुरवते

खडेदार मातीत मोठी छिद्रं जास्त असतात. म्हणून गवताने झाकलेल्या मुरमाड माळावर तासाला २५ मिलिमीटरहून अधिक पाणी सहज मुरतं. ओली झालेली भारी काळी जमीन मात्र तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. मुरमाड रानात पावसानंतर दुसऱ्या दिवशी चिखल न होता चालता येतं ते यामुळेच. मुळांना हवा मिळते आणि पाणी साचून मुळं कुजण्याचा धोका कमी राहतो.

पण जे पाणी झपाट्याने आत जातं ते तितक्याच झपाट्याने खालीही जातं. एक हिशेब करून पाहा. समजा माती २५ सेंटीमीटर खोल आहे आणि तिच्यात आकारमानाने एक तृतीयांश खडा आहे. म्हणजे पाणी धरणारी बारीक माती उरली सुमारे १७ सेंटीमीटर. अशा रेताड-दुमट मातीत पिकाला उचलता येईल असं पाणी आकारमानाच्या साधारण १२ टक्के असतं. तेव्हा पूर्ण भिजल्यावरही या जमिनीत पिकाच्या कामाचं पाणी साठतं फक्त २० मिलिमीटर. सप्टेंबरातलं जोमदार पीक रोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी ओढतं. म्हणजे चार-पाच दिवसांची उघडीप पडली की पीक माना टाकणार. मीटरभर खोल काळ्या जमिनीत हाच साठा १८० ते २०० मिलिमीटर असतो आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. माळावर ते शक्य नाही.

मग उरलेलं पाणी वाया गेलं का? मुळीच नाही. एका दमात ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि मातीने २० धरले, तर बाकीच्यातलं बरंचसं मुरमाच्या भेगांतून खाली उतरतं. झिजलेला मुरूम हाच या भागातल्या उथळ विहिरींचा पाण्याचा साठा आहे. खालच्या अभंग कातळावर अडलेलं पाणी उताराच्या दिशेने सरकतं आणि पायथ्याच्या विहिरींना, ओढ्यांना मिळतं. काही ठिकाणी ते पायथ्याच्या शेतात वर येऊन जमीन उपळते, तेही याच वाटेने. गावाचा माळ गवताने झाकलेला असेल तर गावाच्या विहिरींचं पुनर्भरण विनामूल्य होत राहतं. म्हणून माळाची किंमत फक्त त्यावर किती क्विंटल पिकतं यावर ठरवता येत नाही.

बहुवर्षीय गवतं आणि माळावरची झुडपं इथे तगतात त्याचं मर्मही इथेच आहे. त्यांची मुळं २५ सेंटीमीटरच्या मातीवर अवलंबून नसतात, ती मुरमाच्या भेगांत शिरून तिथली ओल शोधतात. दरवर्षी नव्याने पेरलेल्या पिकाला तेवढा वेळच मिळत नाही.

चार चाचण्या स्वतः करा

कोणताही खर्च करण्याआधी खालच्या चार गोष्टी तपासा. लागतात फक्त कुदळ, चाळण, वजनकाटा, पाइपचा तुकडा, पाणी आणि चुन्याच्या चाचणीसाठी थोडं विरल आम्ल.

खोली. माथा, उतार आणि पायथा अशा तीन ठिकाणी किमान एकेक खड्डा घ्या. माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो आणि कुदळ कुठे खणकन वाजते, या तिन्ही खोल्या लिहून ठेवा. मुरूम मऊ असेल, हाताने चुरडत असेल, भेगांत मुळं उतरलेली दिसत असतील, तर जमीन दिसते त्याहून बरी आहे. पातळ मातीखाली थेट कातळ असेल तर तिथे झाड लावण्याचा विचार सोडून द्या.

खड्याचं प्रमाण. वरच्या १५ सेंटीमीटरमधली पाच किलो माती वाळवा, ढेकळं फोडा आणि २ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीने चाळा. वर राहील तो खडा. त्याचं वजन करा. दगड मातीपेक्षा जड असल्यामुळे वजनाने निम्मा खडा म्हणजे आकारमानाने साधारण एक तृतीयांश, असा अंदाज धरावा. वजनाने निम्म्याहून अधिक खडा निघाला तर ती जमीन हंगामी पिकांसाठी राखू नये. झिजलेल्या मुरमाचे मऊ तुकडे थोडं पाणी धरतात, कठीण बेसाल्टचे किंवा गारगोटीचे खडे धरत नाहीत. तेव्हा खड्यांचा प्रकारही पाहा.

पाणी मुरण्याचा वेग. १५ सेंटीमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पाइपचा तुकडा किंवा डबा जमिनीत पाच-सात सेंटीमीटर ठोकून बसवा. खड्यांमुळे कडेला फटी राहतात, त्या ओल्या चिकणमातीने बुजवा. आत सुमारे ४५० मिलिलिटर पाणी ओता. ते २५ मिलिमीटर पावसाएवढं होतं. पहिलं पाणी मुरल्यावर तेवढंच पुन्हा ओता आणि या दुसऱ्या पाण्याला किती वेळ लागला ते पाहा. अर्ध्या तासात मुरलं तर निचरा उत्तम. दोन-तीन तास लागले तर वरचा थर जनावरांच्या किंवा वाहनांच्या वजनाने दबला आहे, किंवा उघड्या मातीवर पावसाच्या माऱ्याने पापुद्रा धरला आहे. अशा वेळी मुरमाड असूनही पाणी वाहून जातं. हीच चाचणी गवताच्या ठोंबाजवळ आणि उघड्या जागेवर करून फरक पाहा. गवताचं महत्त्व पटायला दुसरा पुरावा लागत नाही.

चुना. खालच्या मुरमात पांढरी भुकटी किंवा पांढरे खडे दिसतात का ते पाहा. प्रयोगशाळेतलं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल त्यावर टाकल्यावर जोरात फसफसलं तर मुक्त चुना भरपूर आहे. अशा जमिनीत लोह आणि जस्त झाडाला नीट मिळत नाही. मोसंबी-संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खड्ड्याच्या तळाशी चुनखडीचा थर असेल तर ही झाडं तिथे लावू नयेत.

माती परीक्षणाचा अहवाल वाचताना

२०१५ सालापासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्यावर बऱ्याच शेतकऱ्यांना माती परीक्षणाची सवय लागली, ही चांगली गोष्ट आहे. खडेदार जमिनीच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. प्रयोगशाळा नमुना २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळते आणि फक्त खालची बारीक माती तपासते. अहवालात नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी किती किलो ते दिलेलं असतं, पण तो आकडा सगळी जमीन बारीक मातीचीच आहे असं धरून काढलेला असतो. तुमच्या जमिनीत वजनाने निम्मा, म्हणजे आकारमानाने एक तृतीयांश खडा असेल तर प्रत्यक्षात अन्नद्रव्यं त्या आकड्याच्या साधारण दोन तृतीयांशच आहेत. अहवालात ‘मध्यम’ लिहिलं असलं तरी ते ‘कमी’ समजून चाला. अहवालावर आपल्या हाताने खड्याचं प्रमाण लिहून ठेवा आणि कृषी सहायकाला दाखवताना ते आवर्जून सांगा.

या जमिनीत सेंद्रिय कर्ब आणि नत्र कमी, स्फुरद कमी आणि पालाश बहुधा पुरेसं, असं चित्र साधारणपणे दिसतं. खत एकदम देऊन उपयोग नाही. मोठा पाऊस झाला की विरघळलेलं नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. ते थोडं थोडं, तीन-चार हप्त्यांत द्यावं. शेणखत, मेंढ्यांची लेंडी, पाचट यांनी पाणी आणि अन्न दोन्ही धरून ठेवण्याची ताकद वाढते. धनगर बांधव वाघर लावून शेतात मेंढ्या बसवतात, त्याचा सर्वांत जास्त फायदा अशाच हलक्या जमिनीला होतो. लेंडी आणि मूत्र जागच्या जागी मिळतं, खत वाहून आणण्याचा खर्च वाचतो.

खोली पाहून वापर ठरवा

चाचण्या झाल्या की आपल्या रानाचा साधा नकाशा काढून त्याचे तुकडे पाडा.

१० सेंटीमीटरहून कमी माती आणि खाली कातळ असेल तो भाग जसा आहे तसा सोडा. तिथे पावसाळ्यात उगवणारं बारीक गवत आणि रानफुलं पुरेशी आहेत. १० ते २५ सेंटीमीटर मातीचा भाग गवतासाठी ठेवा. २५ ते ४५ सेंटीमीटर माती आणि खाली मऊ मुरूम असेल, उतार कमी असेल, तर बाजरी, मटकी, हुलगा, कारळा अशी कमी दिवसांची, कमी पाण्याची पिकं घेता येतात. ती घेतानाही पेरणी आणि मशागत उताराला आडवी करा. बाजरीत मटकी किंवा हुलगा मिसळला तर जमीन लवकर झाकली जाते आणि पाऊस दगा देऊन गेला तरी एखादं पीक हाती लागतं. कपाशी आणि रब्बी ज्वारी मात्र खोल जमिनीसाठी राखा.

उतार तीव्र असेल तर मातीची खोली बरी असली तरी नांगर घालू नका. गवताची मुळं एकदा मोडली की पहिल्याच वळवाच्या सरीत तिथली माती ओढ्यात जाते.

गवत हेच माळाचं पीक

झाशीला १९६२ साली भारतीय चराई व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. देशातल्या गवताळ प्रदेशांची पाहणी करून १९७३ साली जे वर्गीकरण प्रसिद्ध झालं, त्यात दख्खनसह द्वीपकल्पाचा मोठा भाग पवन्या-मारवेल गटात घातला आहे. पवन्या उथळ, मुरमाड उतारावर वाढतो, मारवेल थोड्या खोल आणि ओल धरणाऱ्या जागी. दोन्ही बहुवर्षीय आणि जनावरांना आवडणारी. त्यांच्या जोडीला डोंगरी गवत आणि अंजन येतं. माळ चांगला असल्याची हीच ओळख.

चराईचा ताण वाढला की आधी ही चवदार गवतं कमी होतात आणि त्यांची जागा कुसळी घेते. ताण आणखी वाढला की फक्त एका पावसापुरती उगवणारी बारीक गवतं उरतात. जनावरं तोंड लावत नाहीत अशी तरवड माजते, वेडी बाभूळ पसरते. तुमच्या माळावर कुठली पायरी आहे हे ऑक्टोबरात एक फेरी मारून पाहा. पवन्या-मारवेलचे ठोंब दहा-वीस पावलांवर जरी दिसत असले तरी नव्याने पेरणीची गरज नाही. दोन पावसाळे चराई थांबवली की त्यांचं बी पडून माळ आपोआप भरू लागतो. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

ठोंबच उरले नसतील तर लागवड करावी. मारवेल ठोंबांपासून लावतात. जुलैत चांगला पाऊस होऊन मुरूम भिजल्यावर मुळासकट काढलेले ठोंब साधारण ४५ बाय ३० सेंटीमीटरवर लावा. अंजनाचं बी एकरी दोन किलोच्या आसपास लागतं. ते हलकं आणि लोकरीसारखं असतं, म्हणून ओलसर मातीत मिसळून फोका आणि एक सेंटीमीटरहून खोल गाडू नका. ताजं बी लवकर उगवत नाही, गेल्या वर्षीचं वापरा. गवताबरोबर स्टायलोसारखं शेंगवर्गीय वैरणीचं पीक मिसळलं तर नत्राची सोय होते आणि वैरणीतली प्रथिनं वाढतात. स्टायलोच्या बियांचं कवच कठीण असतं. ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून, मग सुकवून पेरा. मारवेल-८ सारख्या जातींचे ठोंब आणि चारापिकांचं बी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे किंवा आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं.

कापणी फुलोऱ्यावर करा. गवत पूर्ण वाळून पिवळं झाल्यावर कापलं तर त्यात पोषण उरत नाही. कापताना जमिनीपासून आठ-दहा सेंटीमीटर बुडखा ठेवा, पुढच्या पावसाला फूट तिथूनच येते. कुसळीचं गवत कुसळं पिकण्याआधी कापावं. पिकलेली कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात, तोंडात जखमा करतात.

किती जनावरं चारावीत

हा प्रश्न अंदाजाने सोडवू नका, मोजून सोडवा. ऑक्टोबरात माळाच्या वेगवेगळ्या भागांत एक मीटर बाय एक मीटरचे आठ-दहा चौकोन आखा. त्यांतलं गवत कापून वाळवा, वजन करा आणि सरासरी काढा. एका चौरस मीटरला जितके ग्रॅम, त्याला चारने गुणलं की एकरी तितके किलो.

समजा सरासरी १०० ग्रॅम आली, म्हणजे एकरी ४०० किलो. यातलं निम्मंच चारावं आणि निम्मं जमिनीवर ठेवावं. राहिलेलं निम्मं गवत मातीला सावली देतं, पावसाचा मारा झेलतं, कुजून कर्ब वाढवतं. चराईला उरले २०० किलो. तीस किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला ३६५ किलो. हिशेब सरळ आहे: असा माळ एका मेंढीला वर्षभर पोसायचा तर जवळपास दोन एकर लागतो. माळ सुधारून उत्पन्न दुप्पट झालं की तेच काम एका एकरात होतं.

वेळही तितकीच महत्त्वाची. पहिल्या पावसानंतरचे सहा ते आठ आठवडे माळ पूर्ण बंद ठेवा. या काळात ठोंब मुळांत साठवलेल्या अन्नावर नवी फूट काढतो. ती फूट पुन्हा पुन्हा खुडली गेली तर ठोंब मरतो. शिवाय ओली माती खुरांनी सर्वांत जास्त दबते. माळाचे तीन-चार भाग पाडा आणि दरवर्षी एका भागाला बी पडेपर्यंत पूर्ण विश्रांती द्या.

गायरानावर हे एकट्याने होत नाही, ग्रामसभेने ठरवावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून गवत फक्त कापून नेण्याची शिस्त लावली आणि त्यातून गावाला चारा आणि विहिरींना पाणी दोन्ही मिळालं. आपल्या गावात नियम करताना मेंढपाळांना बाहेर ठेवून बैठक घेऊ नका. माळावर कोणत्या महिन्यात कुठे काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि त्यांच्या सहमतीशिवाय केलेली बंदी टिकत नाही.

पाणी अडवताना तारतम्य

उघड्या, झिजलेल्या, गवत उरलेलं नाही अशा उतारावर सलग समतल चर उपयोगी पडतात. पण जिथे पवन्या-मारवेलचा गालिचा शाबूत आहे तिथे चर खोदू नका. तिथलं पाणी गवत आधीच मुरवत असतं. खोदाईने पातळ माती उलटीपालटी होते, मुरूम वर येतो आणि त्या मोकळ्या मातीत पहिल्यांदा तण शिरतं. अशा ठिकाणी ओघळींत दगडांचे छोटे बांध घालणं पुरेसं आहे.

शेततळं करायचं असेल तर लक्षात ठेवा, मुरमात खोदलेलं शेततळं गळणारच. साठवणीसाठी हवं असेल तर ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाचा खर्च आधीच धरा. विहिरीला पाणी वाढवायचं असेल तर कागद न टाकता पाझर तळं करा. हेतू कोणता ते आधी ठरवा.

जे पाणी झटकन खाली जातं ते घाणही बरोबर नेतं. उकिरडा, शोषखड्डा आणि गोठ्याचं सांडपाणी विहिरीच्या वरच्या अंगाला ठेवू नका, आणि विहिरीपासून किमान १५ मीटर अंतर राखा. मुरमाड जमिनीत हे अंतर जितकं अधिक तितकं चांगलं.

फळबाग लावायचीच असेल तर

उत्तम निचरा हा या जमिनीचा गुण फळबागेत कामी येतो. सांगोला-आटपाडीच्या मुरमाड रानांत डाळिंब रुजलं ते यामुळेच. भारी जमिनीत पाणी साचून डाळिंबाला मर लागते, इथे तो धोका कमी असतो. सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं, तेही याच पट्ट्यात. डाळिंबाखेरीज सीताफळ, बोर, आवळा ही झाडंही इथे तग धरतात.

खड्डा साधारण ६० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल घ्या. तो पाण्याने भरून पाहा. एका दिवसात पाणी उतरलं नाही तर खाली कातळ आहे, जागा बदला. खड्डा निव्वळ काळ्या मातीने भरण्याची चूक सर्रास होते. तशा खड्ड्यात पाणी कुंडीसारखं साचतं आणि मुळं बाहेरच्या मुरमात शिरत नाहीत. खोदलेला बारीक मुरूम, वरची माती आणि शेणखत एकत्र करून भरा. ठिबक करताना मोठ्या प्रवाहाचा एक ड्रिपर लावण्यापेक्षा कमी प्रवाहाचे चार ड्रिपर झाडाभोवती लावा. खडेदार मातीत पाणी आडवं न पसरता सरळ खाली जातं. एकदम पुष्कळ देण्यापेक्षा थोडं आणि वारंवार द्या, बुंध्याभोवती पाचटाचं आच्छादन ठेवा.

मात्र बाग शेतजमिनीवर करा. चांगल्या गवताचा माळ मोडून करू नका.

हे टाळा

जमिनीवरचे सगळे दगडगोटे वेचू नका. सुटे खडे पावसाचा मारा झेलतात आणि बाष्पीभवन कमी करतात. नांगराला अडणारे मोठे दगड तेवढे काढा आणि बांधाला लावा.

तलावातला गाळ ही हलक्या शेतजमिनीसाठी चांगली गोष्ट आहे. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून बऱ्याच जणांनी तो आणला. पण एका एकरावर अडीच सेंटीमीटरचा थर द्यायला सुमारे १०० घनमीटर गाळ लागतो, हा हिशेब आधी करा. थर जाड टाकून तसाच सोडला तर पाणी वरच तुंबतं, म्हणून तो वखराने मिसळा. गवताळ माळावर गाळ टाकू नका.

माळाला वणवा लावल्याने गवत चांगलं फुटतं हा समज सोडा. इथे पाऊस कमी, आच्छादन आधीच विरळ. ते जाळलं की वळवाचा पहिला पाऊस थेट उघड्या मातीवर कोसळतो. डिसेंबरातच माळाच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढून ठेवा.

मुरूम विकू नका. मुरूम हे गौण खनिज आहे, परवानगीशिवाय उत्खनन करणं बेकायदा आहे. कायद्याहून मोठं नुकसान असं की रस्त्याच्या भरावासाठी एकदा मुरूम गेला की त्या जागी कातळ उरतो, आणि पाणी मुरवणारा गावाचा साठाच नाहीसा होतो.

आणि दाट वृक्षारोपणासाठी गवताळ माळ निवडू नका. हा निसर्गतःच मोकळा प्रदेश आहे. बोर, हिवर, हिंगणबेट, आपटा अशी विरळ झाडं इथे शोभतात. गिरिपुष्पासारख्या झाडांची दाट लागवड सावलीने गवत मारते. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, रेहेकुरीला १९८० साली काळवीटासाठी. हे दोन्ही जीव मोकळ्या गवताळ माळाचे आहेत. माळढोक आपलं अंडं उघड्या जमिनीवर घालतो, धाविक आणि चंडोल खड्यांतच घरटं करतात. माळावर झाडं दाटली की त्यांना जागा उरत नाही, आणि माळढोक तर आपल्या राज्यातून जवळपास नाहीसाच झाला आहे. हौसेने झाडं लावायची असतील तर बांध, वस्ती, रस्त्याची कडा आणि ओढ्याचा काठ यांवर जागा भरपूर आहे.

या वर्षी एवढं करा

मेमध्ये खड्डे घेऊन खोली आणि खड्याचं प्रमाण नोंदवा. पाणी मुरण्याची चाचणी पावसाळ्याआधी एकदा आणि गवत वाढल्यावर एकदा करा. जूनपासून ऑगस्टपर्यंत माळाचा निदान एक भाग बंद ठेवा. ऑक्टोबरात चौकोन आखून गवत मोजा आणि त्यावर जनावरांची संख्या ठरवा. या नोंदी एका वहीत ठेवल्या तर तीन वर्षांत तुमच्या माळाची दिशा कळेल. गायरान असेल तर हीच वही ग्रामसभेत मांडा.

मुरमाड माळाला काळी जमीन बनवण्यासाठी लागणारा पैसा, गाळ आणि पाणी कुणाकडेच नाही, आणि त्याची गरजही नाही. त्याला गवताने झाकलेलं ठेवा. तो जनावरांना चारा देईल आणि खालच्या विहिरींना पाणी देईल. दुष्काळी तालुक्यात जमिनीकडून याहून मोठी अपेक्षा करू नये, आणि याहून कमीवर समाधानही मानू नये.